सत्य ‘करणे’ : झाशीहून एक अभ्यासपाठ

(पाठासाठी शास्त्रभाग : योहान ३:१९–२१ व १८:३३–३८, निर्गम १७:८–१३ व २०:१६, इफिसकरांस पत्र ४:१४–२५, प्रेषितांची कृत्ये १७:१०–१२. प्रथम हे भाग सावकाश वाचावेत व मगच पुढे जावे, ही विनंती.)



गेल्या हिवाळ्यात बुंदेली भाषेतील शुभवर्तमानाचा एक मसुदा तपासण्याच्या कामासाठी मी दोन आठवडे झाशीत होतो. आमची बैठक रोज सकाळी प्रार्थनेने सुरू होई आणि दुपारपर्यंत दहाबारा वचने पुढे सरकत. तिसऱ्या दिवशी योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील एकविसाव्या वचनापाशी गाडी अडली. तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘पोइएओ’ म्हणजे करणे हे क्रियापद आहे आणि त्याचे कर्म आहे ‘आलेथेइया’, म्हणजे सत्य. सत्य करणारा मनुष्य, असा शब्दशः अर्थ. आमच्यात एक निवृत्त शाळामास्तर होते. जन्म बुंदेलखंडातला, भाषा अस्सल. ते म्हणाले, सांच बोलतात, सांच ऐकतात, सांच लपवतातही. पण सांच करतात कशी? वाचणारा हसेल.

मी त्यांना सांगितले की मराठीतही हीच अडचण आहे. आपण सत्य ‘आचरतो’, सत्याने ‘वागतो’, पण भाकरी करावी तसे सत्य करीत नाही. त्यांनी पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढले आणि आम्ही पुढे गेलो.

त्याच रात्री एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हा पाठ पुढे जाणार नाही. माझ्या मंडळीच्या मोबाइल-गटावर एक तातडीची विनंती आली : अफगाणिस्तानात बावीस मिशनऱ्यांना उद्या दुपारी ठार मारण्यात येणार आहे, कृपया त्वरित प्रार्थना करा आणि हा निरोप शक्य तितक्यांना पाठवा. मी गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि तो निरोप चार गटांवर पुढे धाडला. त्यांपैकी एक गट आमच्या बैठकीचा होता. सकाळी मास्तरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “भाईसाब, बात सांची है का?”

मी म्हणालो, पाहतो. पाहिल्यावर कळले की हाच निरोप बहुतेक याच शब्दांत निदान २००९ सालापासून जगभर फिरत आहे. दर वेळी तो ‘उद्या दुपार’च म्हणतो. त्या उद्याला कधीच आज झालेला नाही. त्याच्या मुळाशी बहुधा एक खरी घटना असावी. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातील एका मंडळीच्या २३ जणांना तालिबानने ओलीस धरले होते. त्यांच्या पाळकासह दोघांना ठार मारले आणि उरलेल्या २१ जणांची ऑगस्टअखेरपर्यंत सुटका झाली. म्हणजे ज्या दोघांनी खरोखर प्राण दिला त्यांची आठवण कोणास नाही आणि जे बावीस जण कधी नव्हतेच त्यांच्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे रात्री जागवतो. मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंना मी फोनवर हे सांगितले, तर ते म्हणाले, “असू द्या हो, प्रार्थना तर वाया गेली नाही ना?” मला तेव्हा उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उशिराचे उत्तर आहे, असेही समजावे.

आता शब्दांकडे वळू. इब्री भाषेत सत्याला ‘एमेत’ म्हणतात. ‘आमान’ या धातूपासून तो शब्द आला; त्याचा मूळ अर्थ टिकणे, स्थिर असणे, भार पेलणे. त्याच धातूपासून विश्वास ठेवणे हे क्रियापद आले, ‘एमूना’ हा विश्वासूपणाचा शब्द आला आणि आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो ‘आमेन’ही आला. हा धातू मनात ठेवून निर्गमाचा सतरावा अध्याय वाचावा. अमालेकांशी लढाई चालू आहे, टेकडीवर मोशेचे हात थकले आहेत, अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी ते धरले आहेत. आणि सूर्यास्तापर्यंत ते हात कसे राहिले, हे सांगताना शास्त्रलेखक ‘एमूना’ हाच शब्द वापरतो. ‘विश्वास’ म्हणून आपण ज्याचे भाषांतर करतो तो शब्द तेथे दोन थकलेल्या हातांविषयी आहे! यशयाने सातव्या अध्यायाच्या नवव्या वचनात याच धातूवर कोटी केली आहे : जो धरून राहत नाही तो टिकून राहत नाही, असा तिचा भाव. ती कोटी मराठीत उतरवताना आजवर भल्याभल्यांचे हात टेकले आहेत.

आपल्याकडे ‘सत्य’ हा शब्द ‘सत्’पासून, म्हणजे जे आहे त्यापासून, आला. जे आहे ते सत्य. ही व्याख्या उत्तम आहे, पण ती प्रथम बुद्धीला हाक घालते. एमेत ही प्रथम भरवशाला हाक घालते : ज्यावर पाऊल ठेवले तर खचणार नाही ते. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द मला विचाराल तर ‘सत्य’ नव्हे, ‘खरे’ हा आहे. खरे नाणे, खरा मित्र, बोलाला खरा माणूस. आपली जुनी भाषांतरे प्रभूच्या दुहेरी ‘आमेन’साठी ‘खचित’ हा शब्द वापरीत आली. तोही चांगला आहे, मात्र तो आता बोलण्यातून गेला.

परंतु केवळ शब्दांनी हा विषय संपत नाही. झाशीच्या मातीत एक मनुष्य जन्मला, ज्याने सत्य या एका शब्दापायी घरदार गमावले; आणि आपल्या मराठी मंडळ्यांतून त्याचे नाव जवळजवळ पुसले गेले आहे, याचे मला दुःख आहे. लोक झाशीला येतात ते राणीचा किल्ला पाहण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. जुन्या शहरात गणेशमंदिर आहे, जेथे १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला. छत्रसालाच्या साहाय्यासाठी बाजीराव पेशवे १७२९ साली बुंदेलखंडात आले, तेव्हापासून मराठी कुटुंबे या मुलखात वसत गेली. अशाच एका चित्पावन घराण्यात, झाशीच्या परिसरातील काशीपुरा गावी, ८ फेब्रुवारी १८२५ रोजी नीळकंठ गोऱ्हे यांचा जन्म झाला.

ते वाढले काशीस. न्याय व व्याकरण यांत निष्णात झाले. घराणे शैव, पण आपल्या बुद्धीला पटेना म्हणून तरुणपणीच ते विष्णूचे उपासक झाले. हा स्वभाव लक्षात ठेवावा : पटल्याशिवाय राहायचे नाही आणि पटले की हलायचे नाही. काशीच्या रस्त्यांवर मिशनरी उपदेश करीत. त्यांचे तोंड बंद करावे म्हणून नीळकंठशास्त्री चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे वादासाठी गेले. स्मिथसाहेबांनी त्यांच्या हाती जॉन म्यूर यांचा ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ दिला. म्यूर यांना संस्कृतात उत्तर देणारे तीन पंडित पुढे आले. (त्यांतील आणखी एक जण, सिहोरचे सुबाजी बापू, हेही मराठीच होते असे अभ्यासक मानतात. मराठी माणसाला वादाची हौस पुरेपूर!) गोऱ्हे यांनी १८४४–४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. त्यातील आक्षेप लेचेपेचे नाहीत. एका जन्मातील पापासाठी अनंतकाळची शिक्षा हा कोणता न्याय, आणि मुक्या जनावरांनी काय अपराध केला म्हणून ती दुःख भोगतात, असे त्यांनी विचारले. आजही कोणी प्रामाणिक शेजारी हेच विचारील.

स्मिथ हे मोठे तर्कपंडित नव्हते. ते या तरुणाबरोबर डोंगरावरील प्रवचन वाचीत बसले. तेथेच गोऱ्हे यांच्या मनाचा बांध फुटू लागला. कुटुंबाने अडवले, मन मागे फिरले, पुन्हा पुढे आले. आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव झाले नहेम्या. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आणि १८५३ मध्ये कन्या एलन हिच्या जन्मानंतर लवकरच त्यांना मृत्यू आला. मुलगी परक्या घरी वाढली, इंग्लंडात शिकली आणि १८८० मध्ये भारतात परतली. ख्रिस्तासाठी सर्व सोडण्याविषयी आपण फार सहज बोलतो. या बापलेकीकडे पाहिल्यावर मला निदान आठवडाभर तरी त्या विषयावर उपदेश करवत नाही.

गोऱ्हे यांचा प्रसिद्ध ग्रंथ ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदीत असून १८६० साली निघाला. दोन वर्षांनी फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यातील एक मुद्दा आपल्या पाठाच्या गाभ्याशी येतो. वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पारमार्थिक म्हणजे केवळ ब्रह्म. व्यावहारिक म्हणजे हा आपला रोजचा संसार, देवपूजा, पापपुण्य. आणि प्रातिभासिक म्हणजे दोरीवर दिसलेला साप. गोऱ्हे यांनी यालाच हात घातला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : एखादी वस्तू एक तर आहे किंवा नाही. जी खरोखर नाही तिला ‘व्यवहारापुरती आहे’ म्हणणे म्हणजे एका शब्दाला दोन अर्थ देऊन दोन्हींकडून लाभ घेणे. मग बंधनही व्यवहारापुरते, मोक्षही व्यवहारापुरता आणि पापही व्यवहारापुरतेच.

येथे माझे मत स्पष्ट सांगतो. वेदान्त्यांपाशी याला उत्तर आहे आणि ते गंभीर आहे. गोऱ्हे यांचा सूर काही ठिकाणी नको तितका तिखट आहे. ते पुस्तक हाती घेऊन शेजाऱ्याच्या दारी जावे असे मी कोणास सुचवणार नाही. परंतु त्यांचा प्रश्न आपल्या स्वतःच्या दारी आणला, तर काय होते? आपण ख्रिस्ती लोक अद्वैत मानत नाही, पण सत्याच्या तीन पायऱ्या आपल्याही घरी आहेत. रविवारच्या उपासनेत एक सत्य असते. सोमवारी दुकानात, कचेरीत, मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर दुसरे, ‘व्यवहारापुरते’ सत्य असते. आणि हातातल्या लहानशा पडद्यावर तिसरे, ज्याला दोरीवरच्या सापाइतकाही आधार लागत नाही. तेथे साप दिसायला निदान दोरी तरी हवी असते. येथे तीही नको.

आजच्या संस्कृतीचे बोधवाक्य आहे, तुझे सत्य तुझ्यापाशी, माझे सत्य माझ्यापाशी. तरुणांच्या सभेत हे हमखास ऐकू येते आणि आम्ही वडीलधारे लगेच रागावतो. थोडे थांबले पाहिजे. पुष्कळदा या वाक्यामागे एक न्याय्य तक्रार असते. ज्यांनी सत्याच्या नावाने हुकूम सोडले, त्यांचा छळ पाहून आलेला हा कंटाळा आहे. मराठी एकोणिसावे शतक सत्य या शब्दाने भारलेले होते : बाबा पदमनजी ‘सत्यदीपिका’ चालवीत होते, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. त्या सर्वांचे एकमेकांशी पटत नव्हते. पण सत्य शोधायचे असते, ते घरी बसून बनवायचे नसते, याविषयी त्यांच्यात वाद नव्हता. आज नेमकी तीच गोष्ट वादात आहे.

पिलाताकडे पाहावे. पुष्कळ उपदेशक त्याला तत्त्वज्ञ करून टाकतात. मला तो एक थकलेला अधिकारी दिसतो. त्याच्यापुढे निरपराध माणूस उभा आहे, हे त्याला समजले आहे आणि तो ते बाहेर जाऊन बोलूनही दाखवतो. म्हणजे त्या खटल्यातले सत्य त्याला सापडले होते! सत्याविषयीचा प्रश्न विचारून तो उत्तरासाठी थांबत नाही, कारण अडचण ज्ञानाची नव्हतीच. त्याच्या हाती होते ते सत्य त्याने ‘केले’ नाही.

गोऱ्हे यांच्याकडे परत येतो. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथे मॅक्स म्यूलर यांची व त्यांची भेट झाली. पुढे म्यूलर यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे की हा मनुष्य लंडन पाहून अगदी हताश झाला होता. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नाही, आपल्याला परत हिंदुस्थानात जाऊ द्या, अशा अर्थाचे तो बोलला. ख्रिस्ती म्हणवणारा समाज आणि डोंगरावरील प्रवचन यांतले अंतर त्याला सोसवेना. ज्या प्रवचनाने तो ओढला गेला, त्याचा मागमूस त्या रस्त्यांवर दिसेना. तरी त्याने त्या अंतराचा उपयोग पळवाट म्हणून केला नाही. तो परतला, पाळकपदाची दीक्षा घेतली (१८७० मध्ये तो प्रीस्ट झाला), ‘काउली फादर्स’ या संन्यासी संघाच्या सहवासात राहिला, पण अंतिम व्रते घेण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

याचे कारण आपल्या विश्वासपाठात क्वचितच सांगितले जाते. फादर गोऱ्हे यांना जन्मभर शंकांनी ग्रासले. विरोधक असताना जो अनंत शिक्षेचा आक्षेप त्यांनी म्यूर यांच्यावर फेकला होता, तोच ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या अंथरुणाशी येऊन बसे. वादात कोणालाही निरुत्तर करणारा हा पंडित स्वतःला निरुत्तर करू शकत नव्हता. काही वाचकांना हे ऐकून वाईट वाटेल. मला त्यातून धीर मिळतो. विश्वास म्हणजे शंका नसणे, अशी व्याख्या केली तर गोऱ्हे अविश्वासी ठरतात. विश्वास म्हणजे ‘एमूना’, सूर्यास्तापर्यंत वर राहिलेले थकलेले हात, असे मानले तर सत्तेचाळीस वर्षे त्यांनी काय केले ते समजते. आणि मोशेचे हातही त्याने एकट्याने वर ठेवले नव्हते.

अशा या शंकेखोर मनुष्याच्या हातून जे झाले ते पाहावे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्यांचा ओढा ब्राह्मो मताकडे होता. फादर गोऱ्हे त्यांच्याशी बोलले, पुढे त्या इंग्लंडला गेल्यावर पत्रे लिहिली आणि ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, या विषयावर मराठीत विवेचन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. ब्राह्मो मतापासून आपले मन वळवण्याचे सामर्थ्य गोऱ्हे यांच्यावाचून दुसऱ्या कोणाच्या अंगी नव्हते, असे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. पुढे केडगावी याच बाईंनी इब्री व ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

उतारवयात गोऱ्हे यांचा सूरही निवळला. ख्रिस्ताच्या दैवत्वाविषयी १८८७ मध्ये लिहिताना त्यांनी म्हटले की अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा हे शब्द हिंदू माणसाच्या कानांना आधीच ओळखीचे आहेत, आणि यहुदी सोडले तर देवाने दुसऱ्या कोणत्याही लोकांची इतकी तयारी करून ठेवलेली नाही. आम्हा भाषांतरकारांच्या हातांत हेच शब्द आहेत. आपण कोरी पाटी घेऊन आलो नाही. आपल्या आजीपणज्यांच्या ओठांवर झिजलेले शब्द घेऊन आलो आहोत. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोऱ्हे निवर्तले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता.

आता त्या ज्येष्ठ बंधूंचा प्रश्न. प्रार्थना वाया गेली का? देव प्रार्थनेचे काय करतो ते तो जाणे. परंतु निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, आणि साक्ष देणाऱ्याचा हेतू चांगला होता की वाईट, अशी सवलत तेथे लिहिलेली नाही. ती आज्ञा ‘शेजाऱ्याविरुद्ध’ साक्षीविषयी आहे, आपण कोणाविरुद्ध काय बोललो, असे कोणी म्हणेल. त्या निरोपात मारणारे कोण होते? एका सबंध जमातीच्या माथी आपण एक न घडलेला खून मारला आणि तो चार गटांवर पसरवला. आपल्याविषयी, आपल्या मंडळ्यांविषयी, धर्मांतराविषयी अशाच बनावट गोष्टी पसरतात, तेव्हा आपल्याला किती लागते, हे निराळे सांगायला नको. दुसऱ्याने केले तर छळ आणि आपण केले तर प्रार्थना-विनंती, असे दोन काटे प्रभूच्या तराजूला नाहीत.

बिरुया येथील लोकांनी पौलाचेसुद्धा म्हणणे पडताळून पाहिले आणि लूक त्यांना त्याबद्दल थोर म्हणतो. पौलाला पडताळले तर चालते, मोबाइलवरच्या निनावी लेखकाला पडताळले तर तो अविश्वास, ही समजूत आपल्यात कोठून शिरली? इफिसकरांस लिहिताना पौल एकच क्रियापद वापरतो, ‘आलेथेउओ’. त्याला ‘सत्यणे’ असा शब्द मराठीत असता तर बरे झाले असते. त्या क्रियापदाला तो प्रीतीची जोड देतो. आम्ही भाषांतरकार तेथे ‘बोलणे’ किंवा ‘धरणे’ असे काहीतरी पदरचे घालतो. खरे पाहता त्यात बोलणेही आले, गप्प बसणेही आले आणि चूक झाली तर मागे जाऊन दुरुस्त करणेही आले.

अभ्यासगटांनी या पाठासाठी एकच काम करावे. गेल्या महिन्यात आपण पुढे पाठवलेले निरोप एकत्र बसून वाचावेत आणि प्रत्येकापाशी मास्तरांचा प्रश्न विचारावा. अर्धा तास पुरतो. माझ्या यादीत आणखी तीन निघाले.

झाशीतील त्या सकाळी मी चारही गटांवर लिहिले की काल रात्री मी पाठवलेला निरोप खरा नव्हता, तो मी न तपासता पाठवला, क्षमा करावी. आणि खाली कोरियातील त्या दोघांविषयी लिहिले. लिहायला लाज वाटली, हे कबूल करतो, एम.टी.एच. झालेल्या माणसाने असे लिहिणे बरे दिसत नाही. आमच्या बैठकीत मास्तरांनी ते मोठ्याने वाचले, समासातले प्रश्नचिन्ह खोडले आणि म्हणाले, “सांच करना, ऐसई रहन दो.” योहानाचे वचन बुंदेली मसुद्यात आता तसेच आहे. संध्याकाळी पाचव्या एका गटावरून अफगाणिस्तानचा तोच निरोप मला पुन्हा आला. पाठवणाऱ्याला मी फोन लावला.